वाचक विचारतात : खांब कोणाचा, नावं कुठे?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. यंदा मे महिन्यात आम्ही दोघं युरोपची टूर करून आलो. व्हिएन्नात ग्राबेन नावाच्या बाजारपेठेत भर रस्त्यात एक मोठा दगडी स्तंभ आहे. प्लेगमध्ये मेलेल्यांचं स्मारक, एवढं सांगून गाइडने पाऊण तासाचा फ्री टाइम दिला आणि मंडळी दुकानांत पांगली. मी खांबाभोवती फिरत राहिलो. देवदूत दिसले, ढग दिसले, एक राजा दिसला, एक भयंकर म्हातारी उलटी पडताना दिसली. पण मेलेल्यांपैकी एकाचंही नाव सापडलं नाही. मग स्मारक कोणाचं? आणि प्लेग तर आपल्याकडेही झाला. आपण असं काही का उभारलं नाही? सोबत फोटो पाठवतो आहे.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : फोटो मिळाले. पहिल्यात खांबापेक्षा वहिनींच्या हातातल्या पिशव्या जास्त दिसताहेत, पण बाकीचे कामाचे आहेत. आणि बाजारपेठ सोडून तुम्ही खांबाला प्रदक्षिणा घातलीत, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैसच देते.

माझं मत विचाराल तर तो खांब मेलेल्यांचा नाहीच. तो नवसाचा आहे.

१६७९ साली व्हिएन्नात प्लेगची साथ आली. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज हयात होते, म्हणजे काळ ध्यानात येईल. सम्राट पहिला लिओपोल्ड राजधानी सोडून निघाला, आधी मारियात्सेल या तीर्थाला आणि मग प्रागला. मागे उरले ते ज्यांना जायला दुसरी जागा नव्हती ते. निघताना सम्राटाने नवस बोलला, की साथ हटली तर देवाच्या नावाने स्तंभ उभारीन. हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. चैत्रात सप्तशृंगीच्या पायऱ्या चढणारी निम्मी माणसं याच हिशेबाने चढत असतात.

त्याच वर्षी घाईघाईने एक लाकडी खांब उभा राहिला. वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, भोवती नऊ देवदूत. साथ ओसरल्यावर पक्क्या संगमरवरी खांबाचं काम १६८३ मध्ये माथियास राउखमिलर या शिल्पकाराकडे दिलं गेलं. पण त्याच वर्षी तुर्कांनी शहराला वेढा घातला, आणि वेढा पडलेल्या गावात नवस फेडायला कोणाला सवड असते? वेढा उठला, काम पुन्हा हाती घेतलं, तर १६८६ मध्ये राउखमिलरच वारला. त्याचे काही देवदूत तेवढे तयार होते. पुढे आराखडा बदलला, पुन्हा बदलला. चौथऱ्याची रचना फिशर फॉन एर्लाख याने केली, वरच्या भागाची कल्पना लोदोविको बुर्नाचिनी याची आणि शेवटी सगळं तडीस नेलं पाउल श्ट्रूडेल याने. १६९३ मध्ये खांबाचं लोकार्पण झालं. बोलल्यापासून फेडेपर्यंत चौदा वर्षं. तोवर इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते.

यातला बुर्नाचिनी मला फार आवडतो. तो दरबाराचा नाटकवाला; रंगमंचावर ढग उतरवणं, देव प्रकट करणं ही त्याची रोजची कामं. म्हणून हा खांब खांबासारखा दिसतच नाही. दूध उतू जावं तसे दगडी ढग वर वर चढत गेलेत आणि त्यांत जागा मिळेल तिथे देवदूत बसलेत. अगदी टोकाला सोन्याचा मुलामा दिलेली त्रिमूर्ती आहे. मुलाकडे गेले असताना मी तो पाहिला आहे. पहिल्यांदा मला ते सगळं फार गजबजलेलं वाटलं. आपल्या हेमाडपंती डोळ्यांना इतकी हालचाल सोसत नाही. पण रस्ता ओलांडून जरा लांब उभं राहिलं की तो नाटकवाला कळतो. पडदा नुकताच वर गेलाय आणि पात्रं आपापल्या जागी आहेत.

आता तुमची म्हातारी. तुमच्या तिसऱ्या फोटोत ती छान आली आहे. हातात क्रूस घेतलेली स्त्री म्हणजे श्रद्धा. तिच्या पायाशी एक गुटगुटीत बालदेवदूत पेटती मशाल खुपसून जिला खाली ढकलतो आहे ती म्हातारी म्हणजे खुद्द प्लेग. सुरकुतलेली, ओघळलेल्या छातीची, डोकं खाली गेलेलं. रोगराईला बाईचं रूप द्यायचं ही खोड आपल्याकडेही आहे, पण आपली रीत निराळी. आपण तिला मरीआई म्हणतो, म्हणजे आई म्हणतो. शेंदूर फासलेला तांदळा शिवेवर मांडतो, दहीभात देतो, आणि साथ फार झाली की गाड्यात बसवून वाजतगाजत पुढच्या गावाच्या हद्दीत पोचवतो. पुढच्या गावाला काय वाटत असेल ते सोडा. मुळात ती पटकीची देवी, पण प्लेगच्या काळात तिलाच हाक गेली.

म्हातारीच्या वर गुडघे टेकून, हात जोडून बसलेला तो सम्राट लिओपोल्ड. हॅब्सबुर्ग घराण्याचा पुढे आलेला खालचा ओठ शिल्पकाराने झाकलेला नाही, हे मला प्रामाणिकपणाचं वाटलं. बाकी प्रामाणिकपणाचं काय बोलायचं! साथ आल्यावर जो गाव सोडून गेला तो दर्शनी बाजूला, आणि जे गेले नाहीत, जाऊ शकले नाहीत, ते कुठे? तर चौथऱ्यावर उठावशिल्पं आहेत, त्यांतल्या एका चौकटीत शहरातली साथ कोरलेली आहे. शेजारी महाप्रलय, शेवटचं भोजन असे बायबलातले प्रसंग. म्हणजे मेलेल्यांना जागा मिळाली ती तळाशी, आणि तीही बिननावाची. प्रत्यक्ष हाडं पाहायची तर तिथून चार पावलांवर सेंट स्टीफन कॅथेड्रल आहे. त्याच्या खालच्या तळघरांत प्लेगने मेलेल्यांची हाडं ढिगाने आहेत. तिकीट काढून खाली जाता येतं. तुमच्या पाऊण तासात ते बसलं नसतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला तेव्हा व्हिएन्नाच्या लोकांनी याच खांबाच्या पायथ्याशी मेणबत्त्या लावल्या, मुलांनी काढलेली चित्रं आणून ठेवली. सव्वातीनशे वर्षं जो सम्राटाचा होता तो काही आठवडे गावाचा झाला.

आता आपल्याकडचं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. पुढच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं या रोगाने गेली आणि मुंबई इलाख्याला त्याचा तडाखा फार बसला. मग खांब का नाही? कारण इथल्या सत्तेने नवस बोलला नाही. तिने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा केला. तो इतका टिकाऊ निघाला की २०२० मध्येही तोच वापरला. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात गोरे सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, त्यातून २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, हे शाळेत सगळ्यांनी वाचलं आहे. म्हणून आपल्या प्लेगच्या आठवणीला चेहरा चापेकर बंधूंचा आहे. त्यांचं स्मारक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण त्याआधी तीन महिने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात पोचल्या, त्यात त्यांना लागण झाली. सावित्रीबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाळा येते, शेण मारणारे लोक येतात. ही पाठीवरच्या मुलाची सावित्रीबाई कुठल्या चौकात उभी राहिली तर मला फार आवडेल.

तुम्हाला दगडच पाहायचा असेल तर व्हिएन्नापर्यंत जायची गरज नव्हती. पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने वांद्रे. गावठाणातल्या गल्ल्यांत तोंडाशी, वळणावर दगडी क्रूस उभे आहेत. त्यांतले कितीतरी प्लेगच्या काळात तिथल्या ईस्ट इंडियन लोकांनी उभारले. हे आपलेच लोक, घरात मराठीचीच बोली बोलणारे. कुठे साल कोरलेलं, कुठे प्रार्थनेच्या दोन ओळी. ते क्रूसही नवसाचेच, पण नवस बोलणारा पळून गेलेला नव्हता. त्याच गल्लीत राहत होता. मे महिन्यात अजून तिथे शेजारीपाजारी जमून प्रार्थना म्हणतात.

आणि आपल्या नाशिकची आठवण हवी तर भगूरला जा. देवळालीच्या पुढे, किती लांब आहे? १८९९ च्या साथीत सावरकरांचे वडील दामोदरपंत तिथे प्लेगने वारले, पाठोपाठ काकाही. धाकटे नारायणराव आणि थोरले बाबाराव या दोघांनाही लागण झाली, ते दोघे वाचले. घर उठून नाशिकला तिळभांडेश्वराच्या बोळात आलं ते या साथीमुळे. पुढचा इतिहास लोक मित्रमेळ्यापासून सांगायला लागतात, पण त्याच्या आधी एका गावातलं एक घर आठवड्या-दोन आठवड्यांत पोरकं झालेलं आहे, आणि तशी घरं त्या काळी गल्लोगल्ली होती. बाकीच्यांच्या पोटी कोणी सावरकर निघाला नाही, एवढंच.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेत साथीच्या रोगांवर प्रकल्प आहे. प्लेग उंदरांमुळे पसरतो हे तेव्हाच्या लोकांना माहीत नव्हतं का?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : लोकांना माहीत होतं, शास्त्राला उशिरा पटलं. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, वाड्यात उंदीर पडला की त्याच संध्याकाळी चूलबोळकी बांधून माळावर जायचं. ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द पुरे. माळावर झोपड्या टाकून दोन-तीन महिने काढायचे. मागे घराची कौलं उतरवून ठेवायची, म्हणजे ऊन थेट जमिनीपर्यंत जातं. भिंतींना चुना. सरकारी माणसंही कौलं काढायला लावत, पण आपल्या घरच्यांनी काढलेली कौलं निदान परत आल्यावर शाबूत सापडायची, हा त्यांचा मुद्दा.

प्रकल्पात लिहायला हे घे. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला. तो उंदराकडून माणसाकडे जातो कसा, याचं उत्तर पॉल-लुई सिमाँ यांना १८९८ मध्ये कराचीत मिळालं. त्यांनी मोठ्या काचेच्या बरणीत पिसवा असलेला प्लेगी उंदीर ठेवला. तो मरायला टेकल्यावर एका निरोगी उंदराला जाळीच्या पिंजऱ्यात घालून तो पिंजरा बरणीत वर टांगला. दोन उंदरांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं. जाळीतून जाऊ शकत होती ती फक्त पिसू. निरोगी उंदीरही प्लेगने मेला. इतका स्वच्छ प्रयोग, तरी पुढची काही वर्षं बड्या मंडळींनी सिमाँना हसण्यावारी नेलं. लस मात्र तोवर आली होती. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत ती तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

बरणीचं चित्र स्वतः काढ. इंटरनेटवरचं चिकटवू नकोस, बाईंना कळतं.

प्रश्न : १९९४ ला सुरतमध्ये जो प्लेग झाला तो खरा होता की अफवा? आमच्याकडे यावरून जेवताना वाद होतो.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : खरा होता, जेवून घ्या. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग, सप्टेंबरात सुरतला फुफ्फुसाचा. शंका तेव्हाही घेतल्या गेल्या, पण पुढे नमुन्यांच्या डीएनए तपासणीतून प्लेगचाच जंतू निघाला. अफवा होत्या त्या भोवतीच्या. सुरत सोडून लोक लाखांनी निघाले, त्यातले काही सापुताऱ्याच्या घाटाने आपल्याकडे आले, आणि नाशिकच्या मेडिकलमधून टेट्रासायक्लिन बघता बघता नाहीसं झालं. ज्याला त्याला तोंडावर रुमाल. एस. आर. राव आयुक्त झाल्यावर सुरत शहर इतकं झाडलं-पुसलं गेलं की देशातल्या स्वच्छ शहरांत त्याचं नाव आलं. तेही एक स्मारक म्हणा हवं तर, रोज झाडावं लागणारं.

प्रश्न : बाई, आमच्या घरात सांगतात की पणजोबा, त्यांचे भाऊ आणि एक चुलत आजी अशी तीन माणसं एकाच पिलेगात गेली. नावंही धड कोणाला माहीत नाहीत. शोध कुठे घ्यावा?
— एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : पहिल्या पत्रातल्या वाचकांनीही हे वाचावं, कारण व्हिएन्नाच्या खांबावर जी नावं नाहीत तशी नावं आपल्याकडे कागदावर असू शकतात. दोन ठिकाणी बघा.

एक, तहसीलचं अभिलेख दालन. गाव नमुना चौदा, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुकही म्हणतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हीच दप्तरं उघडली गेली, त्यामुळे आता ‘असलं काही आमच्याकडे नाही’ असं पटकन कोणी म्हणत नाही. बरंचसं मोडीत आहे, मोडी वाचणारा बरोबर न्या. मृत्यूच्या कारणात ‘प्लेग’ हा शब्द सापडला नाही तर निराश होऊ नका. घरात प्लेग निघाला असं कळलं की उरलेल्यांना छावणीत नेत, म्हणून लोक ‘ताप’ म्हणून सांगत. १८९७ नंतरच्या दोन-तीन दशकांची पानं बघा आणि एकाच महिन्यात एकाच आडनावाच्या तीन-चार नोंदी तापाने गेलेल्या दिसल्या, की काय ते समजा.

दोन, रामकुंड. तुमच्या गावचे तीर्थोपाध्ये ठरलेले असतात. घाटावर कोणत्याही गुरुजींना गावाचं नाव, आडनाव आणि जात सांगा. ते तुम्हाला बरोबर त्या घराकडे पाठवतात. त्या घरात नामावळीच्या वह्या असतात. लांबट, उभ्या बांधणीच्या, कडा तेलकट झालेल्या. पिढ्यान् पिढ्या गोदावरीवर कोण आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, मुलांची नावं काय, हे आलेल्या माणसाने सांगितलेलं त्यात उतरवलेलं असतं. लिहिता येत होतं त्यांनी स्वतः सही केलेली असते. अस्थी घेऊन आलेला माणूस कोणाच्या अस्थी ते सांगतोच. मी माहेरची वही पाहिली तेव्हा माझ्या आजोबांच्या हातची ओळ सापडली होती. शाई फिकी, पण ‘सौ.’ नंतरचं आजीचं नाव स्पष्ट. घरात तिला सगळे ‘काकी’ म्हणायचे. तिचं नाव काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बायकांची नावं शोधायला ही वही सरकारी दप्तरापेक्षा बरी, हा माझा अनुभव. तुमच्या चुलत आजीचं नाव मिळालं तर इथेच मिळेल.

साथीच्या वर्षांत मात्र पुष्कळांना अस्थी घेऊन यायलाही कोणी उरलं नव्हतं, किंवा गावाबाहेर पडायची परवानगी नव्हती. तेव्हा साथीच्या सालातली ओळ मिळाली नाही तर पुढची दहा-पंधरा वर्षं चाळा. वाचलेला मुलगा मोठा झाला की येतो आणि सगळ्यांची नावं एकदम सांगतो. अशा एका नोंदीत एकाच दिवशी पाच पिंडांची नावं असतात, ती नजरेतून सुटू देऊ नका.

जाताना कुलदैवत, गोत्र, जुनी आडनावं, गाव बदललं असेल तर आधीचं गाव, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून लिहून न्या. गुरुजींना आधी फोन करा. पितृपक्षात आणि अमावास्येला जाऊ नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो. आणि सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत उरका. पानाचा फोटो काढायचा तर विचारून काढा, काही घरांत चालत नाही. वही बघून झाली की गुरुजी तुमची नोंद करायला पेन पुढे करतील. तेव्हा फक्त मुलांची नावं सांगून उठू नका. सुनांची, लेकींची, नातींचीही लिहा, आणि कोरोनात घरातलं कोणी गेलं असेल तर त्यांचं नाव, तिथी आणि ‘कोरोनाने’ हा शब्दही. दक्षिणा तुमच्या खुशीची.